बगदादची वळणे, अरबांचे तेल आणि एक इंग्रजी गाडी

गेल्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याने मला व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, "सर, हे खरे आहे का?" जगातली सर्वांत देखणी मानली जाणारी जग्वार ही इंग्रजी मोटारगाडी खरे तर बगदादच्या ज्ञानातून जन्मली, तिच्या वळणांचे गणित एका इंग्रजाला इराकच्या वाळवंटात मिळाले आणि पाश्चात्यांनी ही गोष्ट जगापासून लपवून ठेवली, असे त्यात लिहिले होते. शेवटी नेहमीप्रमाणे दहा जणांना पाठवण्याची ताकीद.

अशा मजकुरांना मी सहसा उत्तर देत नाही. मुसलमानांनी काय काय शोधले याची यादी दर रमजानमध्ये दोन-चार ओळींनी वाढते आणि त्या ओळी कोणी तपासत नाही. या मजकुरात मात्र खऱ्याचा एक तुकडा होता, त्यामुळे 'खोटे आहे' एवढेच लिहून मोकळे होता येईना. मोटारी हा माझा विषय नव्हे, मी भाषा शिकवतो. पण त्या तुकड्याचा माग काढता काढता मी मजकुरातल्या गाडीपेक्षा तिच्या धाकट्या बहिणीपाशी जास्त रेंगाळलो. जग्वार एक्सजे-एस हे तिचे नाव. बगदादशी तिचे नाते लागते आणि अरबांच्या तेलाशीही. जन्मली तेव्हा तिला कुरूप म्हटले गेले. तरी ती २१ वर्षे विकली जात राहिली आणि आज पन्नाशी उलटल्यावरही तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत.

आधी बगदादचे पाहू.

माल्कम सेयर हा १९१६ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्रोमर गावी जन्मलेला माणूस. लफबरो येथे शिक्षण, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत नोकरी. म्हणजे त्याचा हात विमानांवर बसलेला. १९४८ साली तो इराकला गेला, बगदादच्या विद्यापीठात अभियांत्रिकी विभाग उभा करण्याच्या कामासाठी. तिथे एका जर्मन प्राध्यापकाशी त्याची गाठ पडली आणि वक्र रेषा गणिताने कशा मांडाव्यात हे त्याने त्या प्राध्यापकाकडून शिकून घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. वाळवंट आणि तंबू ही त्या हकीकतीची सजावट. १९५० च्या सुमारास सेयर मायदेशी परतला आणि कॉव्हेंट्रीच्या जग्वार कंपनीत लागला.

त्यानंतर त्याने जे केले त्याबद्दल मात्र दुमत नाही. त्याने आकार दिलेल्या सी-टाइप गाडीने १९५१ आणि १९५३ साली फ्रान्समधली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, डी-टाइपने १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षे. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप आली आणि लोक वेडे झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ साली ती आपल्या संग्रहात घेतली. स्वतः सेयरला मात्र कलाकार किंवा स्टायलिस्ट म्हटलेले आवडत नसे. मी हवेचे गणित करणारा माणूस आहे, अशी त्याची भूमिका होती. गाडीच्या पत्र्यावरचा प्रत्येक बिंदू तो आकड्यांनी ठरवायचा, स्लाइड रूल आणि सात अंकी लॉग टेबल घेऊन, संगणकाशिवाय. मग गाडीला लोकरीचे छोटे छोटे धागे चिकटवून ती पळवायची आणि हवा कुठून कशी वाहते ते धाग्यांच्या फडफडीवरून पाहायचे.

यात बगदाद कुठे आले? त्या हकीकतीत शिकवणारा जर्मन, शिकणारा इंग्रज. ती शंभर टक्के खरी धरली तरी बगदादचा त्यात वाटा जागेपुरता. उद्या दोन जपानी माणसे मिरजेच्या स्टेशनावर भेटली आणि त्यांनी काही शोध लावला, तर तो मिरजेचा शोध म्हणायचा का? आणि सेयरच्या हातातले लॉगॅरिदमही बगदादचे नव्हेत. ते १६१४ साली जॉन नेपियर या स्कॉटिश माणसाने जगापुढे मांडले. अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आलेला शब्द 'अल्गोरिदम'. कानाला दोन्ही सारखे लागतात म्हणून पुष्कळ लोक दोन्ही आपल्या खात्यावर टाकतात.

पण ज्याला बगदाद आणि वक्र रेषा यांचे खरे, कागदोपत्री सिद्ध होणारे नाते हवे आहे, त्याला तंबूच्या गोष्टीची गरजच नाही. अपोलोनियस या ग्रीक गणितीने इसवी सनापूर्वी शंकुच्छेदांवर आठ भागांचा ग्रंथ लिहिला होता. शंकू वेगवेगळ्या कोनांतून कापला की लंबवर्तुळ, अन्वस्त वगैरे ज्या वक्र रेषा मिळतात त्यांचे ते शास्त्र. या ग्रंथाचे पाचवा, सहावा आणि सातवा हे भाग मूळ ग्रीकमध्ये आज उपलब्ध नाहीत. आठवा तर कायमचा गेला. ते तीन भाग जगाला मिळाले ते केवळ नवव्या शतकात बगदादमध्ये झालेल्या अरबी भाषांतरामुळे. बनू मूसा या तीन भावांनी ते काम करवून घेतले आणि हे भाग साबित इब्न कुर्रा याने अरबीत आणले. हा साबित मुसलमान नव्हता, हर्रानच्या साबी पंथाचा होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण 'आपले बगदाद' म्हणताना त्या शहरात कोण कोण राबत होते हे आपण सोयीने विसरतो. त्याचा नातू इब्राहीम इब्न सिनान याने या वक्र रेषा काढायच्या कशा यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. दहाव्या शतकात अल-कूही याने अशा रेषा काढता याव्यात म्हणून एका खास कंपासचे वर्णन केले. अरबीत त्याला बिरकार म्हणत. आपण उर्दूत आजही कंपासला परकार म्हणतो, तोच हा शब्द.

आणि पुढे १७१० साली ऑक्सफर्डमधून अपोलोनियसची जी आवृत्ती निघाली, तिच्यातले हे तीन भाग अरबीवरून लॅटिनमध्ये आणले होते. आणणारा एडमंड हॅली, धूमकेतूवाला. अशा कामांसाठी तो अरबी शिकला होता. म्हणजे लंबवर्तुळाचे बरेचसे शास्त्र इंग्लंडला बगदादच्या वाटेनेच पोचले होते, सेयर इराकला जाण्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधी, आणि ते छापील पुस्तकातून, उघडपणे. कोणी काही लपवले नव्हते. विद्यार्थ्याला मी हे सगळे कळवले. त्याचे उत्तर आले, "सर, पण हे फॉरवर्ड करायला फार मोठे आहे."

आता गाडीकडे येतो.

ग्रँड टूरिंग हा शब्द समजून घेतल्याशिवाय एक्सजे-एस कळत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंत घरांतली मुले शिक्षण संपल्यावर फ्रान्स आणि इटलीच्या लांब प्रवासाला निघत. त्या प्रवासाला ग्रँड टूर म्हणत. आपल्याकडे इल्म मिळवण्यासाठी जे प्रवास होत त्यांना रिहला म्हणतात, इब्न बतूताचा तर जगप्रसिद्ध आहे. फरक एवढाच की हे लाटसाहेब ज्ञानापेक्षा मौजेसाठी जात. पुढे मोटारी आल्या तेव्हा इटालियनांनी ग्रान तुरिस्मो हे नाव उचलले. शर्यतीची गाडी वेगवान असते, पण तासाभरात पाठ मोडते. आरामाची गाडी पाठ सांभाळते, पण घाटात दम टाकते. दोन माणसे, त्यांचे सामान, आणि एका दिवसात हजार किलोमीटर, तेही उतरल्यावर अंगात रात्रीच्या जेवणाइतकी ताकद शिल्लक ठेवून, हे जिला जमते ती जीटी. ई-टाइप मनाने निम्मी शर्यतीची होती. एक्सजे-एस पूर्णपणे या दुसऱ्या जातीची.

तिचे काम सुरू झाले साठच्या दशकाच्या अखेरीस. जग्वारच्या एक्सजे या चार दारांच्या गाडीचा सांगाडा थोडा आखूड करून त्यावर दोन दारांची गाडी बसवायची असे ठरले. पोटात १२ सिलिंडरचे ५.३ लिटरचे इंजिन, वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांच्या हाताखाली तयार झालेले. या इंजिनाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण गाडीची अर्धी जादू तिथे आहे. सहा सिलिंडर एका ओळीत आणि सहा दुसऱ्या ओळीत, दोन्ही ओळींमध्ये ६० अंशांचा कोन. दट्टे वर-खाली होताना जे धक्के निर्माण होतात ते या मांडणीत एकमेकांना रद्द करून टाकतात. इंजिनाचा दांडा दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात बारा स्फोट होतात, म्हणजे दर ६० अंशांना एक. चार सिलिंडरच्या आपल्या रोजच्या गाडीत हे अंतर १८० अंशांचे असते. म्हणून जग्वारचे हे इंजिन चालू आहे की बंद, हे उभ्या गाडीत कधी कधी काट्याकडे पाहूनच कळते. ज्यांनी ती चालवली ते वेगापेक्षा या शांततेबद्दल अधिक बोलतात.

आकार सेयरचा. पण एप्रिल १९७० मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, तो अचानक वारला. कंपनीचा संस्थापक सर विल्यम लायन्स १९७२ साली निवृत्त झाला. हा लायन्स म्हणजे १९२२ साली ब्लॅकपूलमध्ये मोटरसायकलला जोडायच्या साइडकार बनवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. त्याच्या कंपनीच्या गाड्यांचे जुने नाव एसएस होते. हिटलरच्या एसएसनंतर ते नाव ठेवणे शक्य नव्हते, म्हणून १९४५ साली कंपनी जग्वार झाली. गाडीला आकार देणारा गेला, डोळस मालकही खुर्चीवरून उठला आणि उरलेले काम डग थॉर्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुरे केले. दरम्यान जग्वार स्वतंत्रही राहिली नव्हती. ब्रिटिश लेलँड नावाच्या अवाढव्य आणि सतत संपात अडकलेल्या समूहाचा ती एक विभाग झाली होती.

आणि मग ऑक्टोबर १९७३.

६ ऑक्टोबरला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलविरुद्ध युद्ध छेडले. दहा दिवसांनी आखातातल्या तेल उत्पादकांनी भाव एका फटक्यात सुमारे ७० टक्क्यांनी वाढवला. पाठोपाठ अरब देशांनी उत्पादन कमी करण्याचे जाहीर केले, आणि इस्रायलला मदत करणाऱ्या अमेरिकेचे तेल तोडले. युद्धापूर्वी पिंपाला साधारण ३ डॉलर असलेला जाहीर भाव १ जानेवारी १९७४ पासून ११.६५ डॉलर झाला. आपल्या घरांत या काळाची आठवण निघते ती 'अरबांनी पाश्चात्यांना गुडघ्यावर आणले' अशी. त्यातही एक चूक राहते. डिसेंबरमधली ती मोठी भाववाढ तेहरानच्या बैठकीत ठरली आणि तिचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता इराणचा शाह. तो अरब नव्हता, बहिष्कारात सामील नव्हता आणि पाश्चात्यांचा जवळचा मित्र होता.

ब्रिटनचे तेल कोणी तोडले नव्हते. पण भाव सगळ्यांनाच होता, आणि त्यात कोळसा खाणींचा संघर्ष. डिसेंबर १९७३ मध्ये तिथे ताशी ५० मैलांची वेगमर्यादा लागली, पेट्रोलची रेशन कुपने वाटून ठेवण्यात आली (ती वापरायची वेळ आली नाही) आणि १९७४ च्या सुरुवातीला कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली. अमेरिकेत ५५ मैलांची मर्यादा कायद्याने आली. आणि अमेरिका ही जग्वारची सर्वांत मोठी गिऱ्हाईक.

अशा जगात सप्टेंबर १९७५ मध्ये एक्सजे-एस बाजारात आली. ताशी सुमारे १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर पळणारी. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" ही एका लिटरला चार-पाच किलोमीटर देत होती. त्याच वर्षी ब्रिटिश लेलँड बुडायला आल्यामुळे सरकारने ताब्यात घेतली होती. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

वर लोकांना ती आवडलीच नाही. त्यांना दुसरी ई-टाइप हवी होती. हुशार, देखण्या थोरल्या भावाच्या मागोमाग त्याच शाळेत आलेल्या धाकट्याचे काय होते ते आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. वर्गात पाऊल टाकताच कोणीतरी म्हणते, "तू अमक्याचा भाऊ ना?" आणि पुढे वर्षभर त्याचे स्वतःचे अक्षर कोणी पाहत नाही. एक्सजे-एसचे तेच झाले. ई-टाइप उघड्या टपाचीही मिळायची, हिला टप कायमचा होता. अमेरिका उघड्या गाड्यांवर बंदी घालणार अशी त्या वेळी हवा होती. टपाच्या मागच्या दोन कोपऱ्यांतून डिकीपर्यंत उतरत गेलेले पत्र्याचे दोन पंख तर थट्टेचाच विषय झाले. त्यांच्यामुळे मागचे तिरके दिसत नाही अशी तक्रार होती आणि ती रास्त होती. पण ते पंख हवेच्या हिशेबाने ठेवलेले होते. भरधाव जाताना गाडी सरळ राहावी म्हणून. आणि हवेला कापत जाण्यात ही 'कुरूप' गाडी ई-टाइपपेक्षा सरस होती. जो माणूस आयुष्यभर सांगत राहिला की मी सौंदर्य काढत नाही, हवेचे गणित करतो, त्याच्या गणिताचा हा जास्त खरा पुरावा म्हणायला हवा. ई-टाइपच्या वेळी गणित आणि डोळा यांचे जमले. या वेळी गणित पुढे गेले, डोळ्याला वेळ लागला.

आतली सजावटही लोकांना रुचली नाही. जग्वारमध्ये बसणाऱ्याला समोर चकचकीत लाकूड पाहायची सवय. इथे काळे प्लॅस्टिक आणि विमानासारखे उभे, फिरत्या नळकांड्यांचे काटे. त्यातून लेलँडच्या काळातले काम. वायरिंग दगा द्यायचे, पत्रा सडायचा, इंजिनाच्या दोन ओळींमधल्या दरीत इतकी उष्णता साठायची की रबराच्या नळ्या आणि वायरी भाजून निघत. १९८० साली वर्षभरात जेमतेम हजारभर गाड्या तयार झाल्या. हा आकडा पाहून कोणत्याही व्यवस्थापकाने गाडी बंदच केली असती, आणि तशी चर्चा झालीही.

इथून पुढचा भाग मला सगळ्यांत जास्त भावतो. त्यात प्रतिभेचा चमत्कार कुठेच नाही, नुसती दुरुस्ती आहे.

१९८० साली जॉन ईगन जग्वारचा प्रमुख झाला. गाड्या का बिघडतात याची त्याने यादी करायला लावली आणि दिसले की दोषांचा मोठा भाग बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांत आहे. पुरवठादारांना बोलावून त्याने ते भाग त्यांच्यासमोर ठेवले. दुसरीकडे मायकल मे या स्विस अभियंत्याने सिलिंडरच्या माथ्याची नवी रचना शोधली होती. आतली पोकळी अशी घडवायची की पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण गरगर फिरत ठिणगीपाशी यावे आणि पेट्रोल कमी असले तरी पूर्ण जळावे. १९८१ साली हे डोके बसवलेली गाडी एचई या नावाने आली. एचई म्हणजे जास्त काटकसरीची. १२ सिलिंडरची गाडी काटकसरी म्हणून विकायची हा तसा विनोदच, पण पेट्रोल खरोखर कमी लागू लागले. आत लाकूडही परत आले. विक्री वाढत गेली आणि दशक संपेपर्यंत वर्षाला दहा हजारांच्या वर पोचली. १९८३ मध्ये सहा सिलिंडरचे छोटे इंजिन आणि अर्धवट उघडता येणारा टप आला, १९८८ मध्ये पूर्ण उघडी गाडी. अमेरिकेची ती बंदी कधी आलीच नाही.

शर्यतीत तिने काही करावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पण टॉम वॉकिन्शॉच्या संघाने या लठ्ठ गाडीवर १९८४ ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी बेल्जियममधली स्पा येथील चोवीस तासांची शर्यतही. १९८५ साली जॉन गॉस आणि आर्मिन हान यांनी ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची हजार किलोमीटरची शर्यत मारली. ब्रिटिश टीव्हीवर 'रिटर्न ऑफ द सेंट' या मालिकेतला नायक १९७८ पासून पांढरी एक्सजे-एस पळवत होताच. राजकन्या डायनाकडे हिरव्या रंगाची होती, आणि मुलांना बसता यावे म्हणून तिच्यात मागे छोट्या जागा करून घेतल्या होत्या. दोन माणसांच्या गाडीत मुले कोंबायची सोय सगळ्या जगात सारखीच.

१९८९ अखेर फोर्डने जग्वार विकत घेण्याचा करार केला. १९९१ साली गाडीला नवा मुलामा दिला गेला, नावातली आडवी रेघ गेली, पण ते पंख राहिले. आधी थट्टा झालेली तीच खूण आता गिऱ्हाइकाला हवी होती. एप्रिल १९९६ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली तोवर एकूण १,१५,४१३ गाड्या झाल्या होत्या, ई-टाइपपेक्षा कितीतरी जास्त.

मग आज ती का आवडते? शौकीन म्हणतात, इंजिन. ते खरेच आहे. ई-टाइपपेक्षा खूप स्वस्तात मिळते, हेही खरे, जरी घेतल्यानंतर मेकॅनिक तो फरक वसूल करतो. मला वाटते, ज्यांना ई-टाइपची वाट पाहायची सवय होती ती पिढी मागे सरली हे मुख्य कारण आहे. तुलना करणारे गेले आणि मग गाडी दिसू लागली. तिचा लांब बॉनेट, बुटका टप, मागे सावकाश उतरत गेलेले ते दोन पंख. आज रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या फुगलेल्या पावासारख्या दिसत असताना तिची आडवी, पसरट बैठक कोणाचीही नक्कल वाटत नाही.

तेलाचा हिशेबही पुरा करायला हवा. ज्या भाववाढीने कॉव्हेंट्रीतल्या या गाडीचा जवळजवळ गळा घोटला, त्याच भाववाढीच्या पैशातून कुवेत, सौदी अरेबिया, कतार, दुबई इथे रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि त्यांना हात हवे होते. त्यातले काही हात खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धनचे होते. आधीच्या पिढीतले कोकणी मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणून जात, सत्तरच्या दशकापासून त्यांची मुले आखातात गेली. कोकणातली त्या काळातली सिमेंटची दुमजली घरे आणि कित्येक उर्दू शाळांच्या इमारती या पैशातल्या आहेत. कॉव्हेंट्रीचा कामगार आठवड्यातून तीनच दिवस कामावर जात होता तेव्हा आपल्याकडे पासपोर्टसाठी फोटो काढले जात होते. 'पाश्चात्यांना गुडघ्यावर आणले' म्हणताना मला तो कामगारही दिसतो आणि बायको-मुलांना मागे ठेवून ४५ अंशांच्या उन्हात सळया बांधणारा आपला माणूसही. त्या दोघांपैकी कोणीही तेलाचा भाव ठरवला नव्हता.

एक्सजे-एसचा सांगाडा तिच्यानंतरही जगला. ॲस्टन मार्टिन ही दुसरी नामांकित इंग्रजी कंपनी नव्वदच्या दशकात अखेरच्या घटका मोजत होती. तिला सावरणारी डीबी७ ही गाडी १९९३ साली दाखवण्यात आली, आकार इयन कॅलमचा, आणि त्या देखण्या पत्र्याखाली तळ होता तो एक्सजे-एसचा. १९९६ साली जग्वारची एक्सके८ आली, तिचाही पाया तोच. डीबी७ कडे वळून वळून पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तिच्या खाली सत्तरच्या दशकातली ती नावडती गाडी आहे?

२००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलरला घेतल्या, तेव्हापासून सेयरच्या गाड्यांचा वारसा मुंबईतल्या फोर्ट भागातल्या बॉम्बे हाउसच्या मालकीचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जग्वारने मायामीत एक नवी विजेवर चालणारी नमुना-गाडी दाखवली, टाइप ००. लांबच लांब बॉनेट, बुटका टप, दोन दारे. गुलाबी आणि निळ्या रंगातली ती गाडी पाहून जगभर थट्टेचा पूर लोटला, ही जग्वार नव्हेच असे हजारो लोकांनी लिहिले. एक्सजे-एसमधून मागचे तिरके दिसत नाही म्हणून लोक चिडले होते. या नव्या गाडीला मागची काच मुळी ठेवलेलीच नाही.